सदतीस नंबरचा डबा

उंदीर पकडायच्या पत्र्याच्या डब्याच्या दारावर सदतीसचा आकडा होता – खिळ्याने कोरलेला, आणि साताच्या आडव्या रेघेपाशी खिळा निसटल्यामुळे उमटलेला तो लांब ओरखडाही अजून तसाच, इतक्या वर्षांच्या हातांनी, मातीने, दवाने गुळगुळीत झालेला, पण तोच… हा ओरखडा माझा, असं अकलीला वाटलं, आणि वाटलं त्याच क्षणी त्याने डबा पुन्हा गवतात ठेवून दिला, दार खाली करून, जणू कुणी बघत होतं. कुणी बघत नव्हतं. संशोधनासाठी आलेली शाहिनाझ चाळीसेक पावलं वर, देवदारांखाली, गुडघ्यांवर बसून पुढचा डबा तपासत होती. तिच्या लाल टोपीचा गोंडा तेवढा झुडपांवरून हलताना दिसत होता. धुकं अजून खिंडीतच होतं. तागुतची खिंड – तागुत म्हणजे आमच्या कबाइलीत धुकंच – आणि ऑक्टोबरात ते दहा वाजेपर्यंत हलत नाही, हे अकलीला माहीत होतं, तिला नव्हतं, पण त्याने सांगितलं नव्हतं. विचारल्याशिवाय काही सांगायची त्याला सवय नव्हती. विचारल्यावरही फारशी नव्हती.

डबा रिकामा होता. आत पेंढा, तेलात मळलेल्या पावाचा आणि सार्डिनचा गोळा, कुणी तोंड न लावलेला. बरं झालं. आज पाचवी सकाळ, साठ डबे, म्हणजे तीनशे वेळा दार लागण्याची संधी, आणि एवढ्यात काय सापडलं – रानउंदीर पन्नासेक, डोळ्यांना काळा पट्टा बांधल्यासारखे दिसणारे ते झाडावरचे दोन घुशीतोंडे उंदीर, आणि एक मोठी चिचुंद्री, जी सगळीकडेच असते. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती लहान राखी चिचुंद्री नव्हती. दर सकाळी प्रत्येक रिकाम्या डब्यापाशी त्याला आत कुठेतरी सैल झाल्यासारखं वाटे, आणि मग त्या सैल होण्याची लाज वाटे, आणि मग लाजेचीही सवय असल्यामुळे तो पुढच्या डब्याकडे जाई. ती सापडू नये एवढीच इच्छा होती. सापडली नाही तर शाहिनाझ लिहील, जसं तिच्याआधी तिघांनी लिहिलं होतं – पुन्हा आढळली नाही, मूळ नोंद तपासण्याजोगी. या वाक्याच्या आडोशाला तो चाळीस वर्षं राहिला होता. वाईट जागा नव्हती. वाक्य त्याच्यावर संशय घेत होतं, पण आरोप करत नव्हतं. आणि संशय तर त्याने स्वतःवर जन्मभर घेतला होता, त्यात आणखी तिघांची भर पडली म्हणून काय.

कोटाच्या आतल्या खिशात वही होती. काळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. शाहिनाझने दोन आठवड्यांत तीनदा मागितली होती – “शेख, फक्त त्या एका पानाचा फोटो, हात धुऊन घेते”, वयाचा मान म्हणून ती त्याला शेख म्हणायची – आणि तिन्ही वेळा तो म्हणाला होता, शोधतो. कपाटात कुठे आहे हे त्याला अंधारातही सांगता आलं असतं. आज मात्र निघताना ती खिशात घातली होती. का घातली… देण्यासाठी की तिच्यापासून दूर ठेवण्यासाठी, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं.

तेव्हाचा ऑक्टोबरही असाच होता, एक्क्याऐंशीचा. नाही, असा नव्हता. तेव्हा या देवदारांचे शेंडे हिरवे होते. आता वरचे सगळे शेंडे राखाडी, वाळके, हाडांसारखे. खाली फांद्या हिरव्या आणि डोक्यावर मृत्यू, असं झाड कसं जगतं कोण जाणे. तेव्हा अकली तेहतीसचा, अल्जीयर्सच्या संग्रहालयात कातडी सोलून, कापूस भरून, मागच्या पायाला चिठ्ठी बांधणारा माणूस. पुस्तकं वाचणारा. त्याचे फ्रेंच साहेब, मस्यू लार्तीग, त्याला हसत म्हणायचे, अकली, तुला प्राणी छापील असला तरच दिसतो. खरं होतं. त्याआधीचे तीन दिवस ते समुद्राकाठच्या दलदलीत होते, बोरूच्या बेटांत, आणि तिथे ती लहान राखी चिचुंद्री डझनाने मिळाली होती; मिळणारच, ती तिथलीच. मग वर, डोंगरात. खालचे डबे वर नेण्याआधी प्रत्येक डबा उघडायचा, उलटा करून झटकायचा, पेंढा जाळायचा – हा नियम आमच्या कामात नमाजाइतका पक्का, कारण एखाद्या डब्याच्या कोपऱ्यात पेंढ्याखाली सहा ग्रॅमचा जीव मरून पडलेला राहिला, तर एका जागचं जनावर दुसऱ्या जागी उगवतं, आणि नकाशावर जो ठिपका पडतो तो मग कुणाच्या बापाला पुसता येत नाही. झटकण्याचं काम अकलीचं होतं. त्या संध्याकाळी त्याने चाळीसेक झटकले. मग पाऊस आला, तो ट्रकच्या ताडपत्रीखाली चढला, आणि झोळीत एक पुस्तक होतं, शेवटची साठ पानं उरलेली…

कुठलं पुस्तक होतं ते आता आठवत नाही. हे सगळ्यात वाईट. एवढ्यासाठी, आणि पुस्तकाचं नावही आठवत नाही.

“शेख! हलू नका! नाही – या! इकडे या, हळू!”

तो हलला नाही. मग हलला. चढावर गुडघ्याने कुरकुर केली, एका मुळाला धरून तो वर गेला. “काय झालं? साप?”

“साप कसला! तुमची बाई आलीय.”

शाहिनाझने डब्याच्या तोंडाला कापडी पिशवी लावली होती आणि डबा तिरका करून ती हलकेच टिचक्या मारत होती. पिशवीच्या तळाशी काहीतरी उतरलं. अगदी काहीच नाही असं काहीतरी. तिने पिशवीचं तोंड पिळलं, काट्याला अडकवलं, डोळ्यांपाशी धरलं, श्वास रोखला. “वीस. पिशवी चौदा. सहा… शेख, सहा ग्रॅम! अल्लाची शप्पथ, सहा!”

“मोठीचं पिल्लू असेल,” अकली म्हणाला.

“पिल्लू? ऑक्टोबरात? तुम्ही म्हणजे ना… थांबा, शेपूट बघा आधी.” आणि तिने पिशवीत हात घालून, दोन बोटांत मानेची कातडी धरून, तिला बाहेर काढलं.

ती जिवंत होती. हे त्याला इतकं अनपेक्षित होतं, की क्षणभर त्याला ती दुसऱ्याच कुठल्या जातीची वाटली. तिचं नाक सारखं फिरत होतं, हवेत काहीतरी वाचत असल्यासारखं; शेपटीवरचे ते लांब विरळ केस, पोटाची फिकट राख, पाठीची गडद, आणि बरगड्यांखाली ते हृदय, जे धडधडत नव्हतं, थरथरत होतं, एवढं भराभर. चिचुंद्री चार-पाच तास उपाशी राहिली तर मरते. म्हणून डब्यात ती मेलेली सापडणं हे नेहमीचंच. त्या सकाळी ती मेलेली होती, यात काहीच विशेष नव्हतं…

“दात नंतर पाहू, पण मला माहितीय. तुम्हालाही माहितीय. बोला ना काहीतरी! एक्केचाळीस वर्षं लोक म्हणतायत, नोंद चुकीची, चिठ्ठी चुकीची, म्हाताऱ्याने डबे बदलले…”

“म्हाताऱ्याने? तेव्हा मी तेहतीसचा होतो.”

ती खळखळून हसली. वहरानची मुलगी, समुद्रावरची. तिथली माणसं अशी तोंड भरून हसतात, आम्हा डोंगरातल्यांना ते जरा भीतीदायकच वाटतं. तिने चिचुंद्रीच्या कानाचा कणभर तुकडा कातरला, कुपीत टाकला, फोटो घेतले, टिपणं घेतली, पुन्हा एकदा “वल्लाह” म्हणाली, आणि मग अकलीचा हात ओढून तळहात वर केला. “घ्या. सोडा तुम्हीच. मान तुमचा.”

त्याच्या तळहातावर ती क्षणभर बसली. वजन नव्हतं, फक्त ऊब होती. आणि मग ऊबही नव्हती, गवत हललं, संपलं. माझ्या हातात ती पहिल्यांदाच जिवंत आली. जिच्यामुळे लार्तीगांच्या दोन पानी लेखात माझं नाव छापलं गेलं तिला मी आज पहिल्यांदा भेटलो.

“आता बघा मी आमच्या साहेबांचं तोंड कसं बंद करते,” शाहिनाझ सामान आवरताना म्हणाली. “ते म्हणत होते, समजा सापडलीच, तर ती नवी आलेली समज. खाली सगळं तापलंय, दलदली आटल्या, जनावरं डोंगर चढतायत, झाडं तर डोळ्यांदेखत वाळतायत – हिचं तेच. मी म्हटलं, सर, थांबा, आमच्या शेखांची वही आहे. एक्क्याऐंशीत ती इथेच होती, याच खिंडीत, आणि शेख, लेखात दिलेला तो शेरा तुमच्याच हस्ताक्षरात आहे ना – ताजी?”

“आहे.”

“झालं तर! ताजी म्हणजे त्याच रात्रीची. पान छापलं की विषय संपला. ती कायमच इथली आहे, काही बदललेलं नाही.” ती थांबली, वर त्या राखाडी शेंड्यांकडे पाहून म्हणाली, “एकदा तरी काहीतरी बदललेलं नाही असं लिहायला मिळतंय, शेख. तुम्हाला कल्पना नाही मला किती बरं वाटतंय.”

कल्पना होती. तीच तर अडचण होती. चाळीस वर्षं त्याने असं धरलं होतं, की त्याचं खोटं हे एक लहान, कोरडं, निरुपद्रवी खोटं आहे, कुणाचं काही न घेणारं, संग्रहालयाच्या कप्प्यात नॅफ्थलीनच्या वासात पडून राहणारं… आणि ते जनावरही मग गेलंच. मधल्या त्या वाईट वर्षांत, नव्वदीतल्या यादवीत, जेव्हा डोंगरात कुणी येत नव्हतं आणि शहरात माणसं संध्याकाळी पाचनंतर दार उघडत नव्हती, तेव्हा त्या कप्प्याला कीड लागली, चिठ्ठी उरली आणि मूठभर भुसा. नॅफ्थलीनच्या गोळ्या बदलायचं काम माझं होतं. मी विसरलो होतो, असं मी म्हणतो. त्यानंतर पुरावा एकच उरला, वहीतला एक शब्द. आणि आता या मुलीने तो शब्द उचलून डोंगराच्या तोंडावर ठेवला होता. ती आलेली नाही, असं तो शब्द म्हणणार. काही तापलेलं नाही, काही चढत नाहीये. चिचुंद्री बिचारी किनाऱ्यावरची आग मागे टाकून, ओढ्याओढ्याने, कड्याकड्याने, पिढ्यान् पिढ्या वर आली असेल – सहा ग्रॅमचा जीव, दीड हजार मीटर – आणि वर आल्यावर तिला कळणार, की अकली नावाच्या माणसाने तिला इथे आधीच आणून ठेवलेलं आहे. डब्यातून. मेलेली.

मी खोटं बोललो आणि डोंगराने ते खरं करून दाखवलं. यापेक्षा मोठी थट्टा काय असते? माझं खोटं पकडलं गेलं असतं तर मी वाईट माणूस ठरलो असतो. आता मी द्रष्टा ठरतोय.

तो उतरत होता, शाहिनाझ पुढे, पाठीवर डब्यांची गाठोडी, आणि डब्यांच्या त्या किणकिणाटात सदतीस नंबरचाही आवाज असणार.

एक्क्याऐंशीच्या त्या सकाळी तो डबा त्याने उघडला नव्हता, लुनिसने उघडला होता. दा लुनिस – दा म्हणजे थोरला – खिंडीखालच्या शेवटच्या घरातला, तेव्हा पंचेचाळीसचा, कोळसा पाडणारा, मेंढरं राखणारा. वाटा दाखवायला त्याला बरोबर घेतलं होतं. त्याने डबा उलटा केला, ती तळहातावर पडली, मऊ. रात्री मेलेलं जनावर सकाळी लाकडासारखं ताठ असतं, हे त्याला वाचून नव्हे, हाताने माहीत होतं. त्याने तिला उजेडात धरलं, डोळ्याच्या कडेला नखाने दाखवलं – तिथे, पापणीला चिकटलेले, तांदळाच्या कणीएवढेही नाहीत असे, पांढरे दाणे. “ही काल रात्रीची नाही. हिच्यावर माशी बसून गेलीय. ही खालची आहे. वर इतक्या थंडीत माशी कुठून येणार?” तो कबाइलीत म्हणाला.

मस्यू लार्तीग धावत आले होते, चष्मा कपाळावर, चेहरा एखाद्या मुलासारखा उघडा. “काय म्हणतोय तो?”

आणि मी – काय झालं मला तेव्हा, मी किती वेळा स्वतःला विचारलं – मी घाबरलो होतो का? झटकण्याचं काम माझं होतं, म्हणून? की तो चेहरा पाहवला नाही? की एक क्षण, फक्त एक क्षण, मला माझं नाव छापलेलं दिसलं? मी म्हणालो, “तो म्हणतोय, अशी इथे अधूनमधून दिसते.”

लार्तीगांनी टाळी वाजवली. अकलीने कवट्या साफ करायचा तो बारीक ब्रश घेतला आणि पापणीवरून दोनदा फिरवला. वहीत, स्थिती या रकान्यात, लिहिलं – ताजी. एवढंच. पुढच्या वर्षी लार्तीगांनी विचारलं, लुनिसला बोलवायचं ना? अकली म्हणाला, नको, बेफिकीर आहे तो, डबे नीट झटकत नाही.

हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा वाईट होतं. पहिल्याला निदान घाई होती.

झऱ्यापाशी, दगडी कठड्यावर, लुनिस बसलेला होता. या चाळीस वर्षांत दोन मयतींत दिसला होता, लांबून. आता शहाऐंशीचा, बर्नूसच्या लोकरी झग्यात अर्धा बुडालेला, मांडीवर अक्रोडांचं पोतडं, हातात दगड.

“आला का अल्जीयर्सचा उंदीरमास्तर!”

“सलाम, दा लुनिस. बरं आहे ना?”

“बरं कसलं? दात गेले, गुडघे गेले, बायको आहे. आणि तू अजून उंदरांच्याच मागे? तुझ्या वयाची माणसं मक्केला जाऊन येतात.”

“काय म्हणाले?” शाहिनाझने विचारलं. कबाइली तिला येत नव्हती.

“तब्येत बरी आहे म्हणतात.”

लुनिसने एक अक्रोड फोडला, दगडाचा आवाज जरा जास्तच झाला.

शाहिनाझ त्याच्याशेजारी टेकली, झोळीतून भाकरी काढली, ऑलिव्हच्या तेलाची बाटली, सुके अंजीर, आणि आपल्याच घरी असल्यासारखं तिने सगळं त्याच्या मांडीवर वाढलं. मग मोबाईलवरचा फोटो त्याच्यापुढे धरला. “शेख, आजोबांना विचारा ना, ही त्यांनी कधी पाहिलीय का?”

अकलीने विचारलं. विचारताना तो लुनिसच्या हातांकडे पाहत होता. तेच हात, नख तेवढं पिवळं, जाड झालेलं.

लुनिसने फोटो लांब धरला, जवळ आणला. “ही? ही तर आमच्या घरची मांजर रोज आणते. आणते आणि उंबऱ्यावर टाकते, खात नाही, हिला वास मारतो. बायको सकाळी उठून आधी मांजरीला शिव्या देते, मग मला. आठ वर्षं झाली असतील. गेल्या वर्षी मोठी आग लागली, तिच्या सहासात हिवाळे आधीपासून.” त्याने फोन तिला परत दिला. “त्याच्या आधी नव्हती. मी इथे जन्मलो, या कड्याचं एकेक भोक मला माहीत आहे. इथे नव्हती ही.” आणि मग अकलीकडे न पाहता, अंजिराचं देठ काढत, “तुला तर माहीतच आहे.”

“काय म्हणाले, शेख?”

तोच प्रश्न. तोच उघडा चेहरा. चष्मा नव्हता, लाल टोपी होती, एवढाच फरक… अकलीला जाणवलं, की आपलं तोंड आपल्याआधी तयार झालंय, जुन्या वाटेवर गाढव आपसूक वळतं तसं. “म्हणतात… त्यांच्या मांजरीनेही पकडल्यात अशा. बऱ्याचदा.”

“अरे वा! मांजरीचंही नाव लावून टाकते माझ्या लेखाला! कधीपासून, विचारा ना?”

 मी अजून खोटं बोललो नाहीये, त्याने स्वतःला सांगितलं, मी फक्त अर्धं बोललोय. अर्धं तर अजून माझ्याकडे आहे.

लुनिसने सोललेले अक्रोड तळहातावर जमवले, फुंकर मारून सालं उडवली, आणि हात शाहिनाझपुढे केला. “घ्या, मादमोझेल. या वर्षी किडके कमी आहेत.”

फ्रेंचमध्ये. जुन्या वळणाच्या, स्वच्छ, एकही शब्द न अडखळलेल्या फ्रेंचमध्ये.

“आजोबा! तुम्हाला फ्रेंच येतं? आणि मी इथे दुभाष्या घेऊन फिरतेय!”

“जुनं झालं, मुली. लियाँला दोन वर्षं होतो, कारखान्यात, साच्यांवर. सत्तावन ते एकोणसाठ.” मग तो पुन्हा कबाइलीत उतरला, अकलीसाठी, आवाज न बदलता, जणू हवापाण्याबद्दल बोलावं तसा. “परत आलो तेव्हा भाऊ नव्हता. त्याला फ्रेंच फौजेने याच झऱ्यावर मारलं. तेव्हा आईसमोर शपथ घेतली, त्यांच्या माणसाशी त्यांच्या भाषेत बोलणार नाही. तुझा तो साहेब भला होता, पण शपथ ती शपथ. ही मुलगी आपली आहे, हिच्याशी बोलायला काय हरकत?”

“म्हणजे त्या दिवशी…” अकलीचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला नाही. “त्या दिवशी मी त्यांना जे सांगितलं –”

“ऐकलं की. कान होते मला.”

“मग बोलला का नाहीत? मला तरी बोलायचं होतंत. नंतर. कधीतरी.”

“मी कशाला बोलू?” लुनिसने दुसरा अक्रोड दगडावर ठेवला. “बोलायला तू होतास ना.”

दगड पडला. कवच फुटलं.

अकलीला वाटलं होतं – कधी वाटलं तर – की हे ऐकून आपण कोसळू. तसं काही झालं नाही. झालं ते वेगळंच, जवळजवळ क्षुद्र. त्याला राग आला. चाळीस वर्षं मी हे एकट्याने ओढलं. त्यासाठी पीएच.डी. केली नाही, नाव पुढे येईल अशी एकही गोष्ट केली नाही, लार्तीगांच्या अंत्यविधीला लियाँला – हो, लियाँलाच – गेलो नाही. ती माझी एकुलती एक खाजगी मालमत्ता होती, तिच्या चार भिंतींत मी माझी पुस्तकं मांडली, खुर्ची ठेवली, तिथे बसून स्वतःला वाईट म्हणण्यात मला एक प्रकारचा मानही होता. आणि आता कळतंय, की त्या खोलीत पहिल्या दिवसापासून एक माणूस कोपऱ्यात बसलेला होता, अक्रोड फोडत, मला पाहत. तो काही मागत नव्हता. सूडही घेत नव्हता. मी त्याची रोजी घालवली, त्याला बेफिकीर म्हणालो, आणि त्याने ते एखाद्या ओढ्याला पूर यावा तसं पाहून सोडून दिलं. माझ्या पापाचं वजन त्याला सहा ग्रॅमही वाटलं नव्हतं.

“शेख? कधीपासून म्हणतात ते?”

त्याचा हात कोटाच्या आत गेला. वहीचा झिजलेला कोपरा बोटांना लागला. सांगता येईल. अगदी सोपं आहे – आठ वर्षांपासून, त्याच्या आधी नाही. आणि ही वही घे, यातला एक शब्द खोटा आहे. ती आधी हसेल, मग हसणार नाही. मग लिहील. तिला लिहावंच लागेल, एक परिच्छेद तरी – मूळ नोंदकर्त्याने स्वतःहून, इतक्या वर्षांनी, प्रामाणिकपणे… आणि त्याच वेळी अकलीला दिसलं, की ते वाक्य त्याच्या डोक्यात फ्रेंचमध्ये जुळूनही गेलंय, नाव योग्य जागी बसलेलं, चाल चांगली साधलेली. कधी जुळलं? उतरताना? की आज सकाळी वही खिशात घालताना? की गेली चाळीस वर्षं मी तेच एक वाक्य घोटत होतो, आणि पश्चात्ताप समजत होतो त्याला?

त्याने तोंडात अक्रोड टाकला. पातळ साल जिभेला लागली, कडू, आणि कडवटपणा हळूहळू घशापर्यंत पसरला. वर खिंडीतलं धुकं उठायला लागलं होतं, आणि एकेक राखाडी शेंडा बाहेर येत होता, जो नसता दिसला तरी चाललं असतं. आपण सांगितलं तरी ते आता चांगलं होणार नाही, हे त्याला कळलं. आणि ते चांगलं होणार नाही म्हणून न सांगणं, हेही जुनंच गाढव आहे, जुन्याच वाटेवरचं, हेही कळलं. दोन्हींकडे त्याने प्रथमच सारख्याच अंतरावरून पाहिलं, आणि दोन्हींपैकी एकातही त्याला बसायला खुर्ची नव्हती.

लुनिस त्याच्याकडे बघत नव्हता. शाहिनाझ बघत होती, हातात अर्धी भाकरी, बोटांना तेल, भुवया उंचावलेल्या, चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं न मावळलेलं. फ्रेंच त्या म्हाताऱ्याला येत होतं, ती त्यालाच विचारू शकत होती. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. तिने मलाच विचारलं होतं.

बोलायला मी होतो.